औषध झाडाचं, गाडी नॅनोची

'नॅनो करक्युमिन' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेली एक देखणी बाटली मी मावशीसाठी ऑर्डर केली, तेव्हा आपण फार स्मार्ट आहोत असं मला वाटलं होतं. पुढच्या तीन आठवड्यांत झाडं, कॅन्सर आणि नॅनो या तिघांमधला खरा फंडा कळला. थोडा महागात पडला, पण कळला.

रात्रीचे पावणेबारा. उद्याचं प्रेझेंटेशन अर्धवट, कॉफी गार आणि मी मोबाइलवर शॉपिंग करतेय. कुर्ता नाही, शूज नाहीत. हळद! तीही साधीसुधी नाही, नॅनो हळद. काळी, मॅट फिनिशची बाटली, आत साठ कॅप्सूल, 'मिरीच्या अर्कासह' अशी ग्वाही आणि साडेचार स्टार. किंमत बघून दोन सेकंद थांबले. मग मनात म्हटलं, जिच्यासाठी घेतेय तिनं लहानपणी आपल्याला काय काय घेऊन दिलंय! दाबलं बटण.

मावशी म्हणजे धुळ्याची रिटायर्ड शिक्षिका. वय एकसष्ट, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. फेब्रुवारीत ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झालं, ऑपरेशन झालं आणि केमोसाठी ती पुण्याला माझ्याकडे, कोथरूडच्या टू बीएचकेत राहायला आली. येताना दोन पिशव्या आणल्या. एकीत रिपोर्ट, दुसरीत कळण्याचं पीठ.

आता तुम्ही म्हणाल, हळदीत वाईट काय? काहीच नाही. वाईट होतं ते माझं लॉजिक. आणि ते लॉजिक डोक्यात कसं शिरलं, हे सांगायला त्याच आठवड्यातल्या मंगळवारी जावं लागेल.

आठव्या मिनिटाला

डे-केअर वॉर्ड, खिडकीजवळची खुर्ची. आधीच्या चार केमो मावशीनं निभावल्या होत्या. आज नवं औषध सुरू होणार होतं, पॅक्लिटॅक्सेल. आदल्या रात्री स्टेरॉइडच्या गोळ्या, सकाळी अॅलर्जीचं इंजेक्शन, मग अॅसिडिटीचं. एवढा बंदोबस्त मी गणपती विसर्जनालाच पाहिलाय. नेहमीच्या प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी या वेळी काचेची बाटली आली, नळीही वेगळी.

"तीन तास लागतील हं मावशी," नर्स म्हणाली. मावशीनं विणकाम काढलं.

आठव्या मिनिटाला तिच्या सुया थांबल्या. चेहरा लालबुंद. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय गं," एवढंच ती म्हणाली आणि श्वासासाठी धडपडायला लागली. नर्सनं आधी ड्रिप बंद केलं, मग हाक मारली. ऑक्सिजन, इंजेक्शन, डॉक्टर, सगळं एका मिनिटात. पंधरा मिनिटांनी मावशी शांत झोपली होती. माझे हात मात्र तासभर थरथरत होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या डॉक्टर माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं एक गोल काढला.

"रिअॅक्शन बहुतेक औषधाची नाही, ते ज्यात विरघळवलंय त्याची आहे," त्या म्हणाल्या. "हे औषध मूळचं एका झाडाच्या सालीतलं. पाण्यात विरघळतच नाही. आमटीवर तेलाचा तवंग येतो ना, तसं. आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून अल्कोहोल आणि एरंडेलापासून बनवलेलं एक द्रावण वापरावं लागतं."

"एरंडेल?" मावशीला एवढ्या थकव्यातही राहवलं नाही. "लहानपणी आई नाक दाबून पाजायची. आता शिरेतून देताय होय!"

त्या द्रावणाचं नाव क्रेमोफोर. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये अशा रिअॅक्शन इतक्या झाल्या की, स्टेरॉइड आणि अॅलर्जीची इंजेक्शनं आधी द्यायची पद्धत तेव्हापासूनच पडली. काचेच्या बाटलीचं कारणही तेच. हे द्रावण काही प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधली रसायनं ओढून घेतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता नॅनोवालं देऊ. औषध तेच, गाडी वेगळी."

झालं! माझ्या डोक्यात दोनच शब्द राहिले. झाड आणि नॅनो. झाडाचं औषध नॅनो केलं की भारी होतं, एवढं सोपं गणित मी मांडलं. मग आपल्या घरचं सगळ्यात भारी झाडाचं औषध कोणतं? हळद! पावणेबाराच्या शॉपिंगमागचं संशोधन ते एवढंच.

नंदुरबारचे वाणी

इन्शुरन्सची मंजुरी यायला पंधरा दिवस लागले. 'महागडं औषध का हवं' याची तीन वेळा कारणं द्यावी लागली. त्या पंधरा दिवसांत मी रोज रात्री पॅक्लिटॅक्सेलबद्दल वाचत बसले आणि एके दिवशी उठून मावशीच्या खोलीत गेले.

"मावशी, तुझं औषध कुणी शोधलं माहितीये? आपल्या नंदुरबारच्या माणसानं!"

खरंच! मनसुख वाणी. जन्म १९२५ चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी. केली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. त्याच १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात 'पॅसिफिक यू' या झाडाची साल गोळा केली होती. अमेरिकेत तेव्हा हजारो झाडांचे नमुने कॅन्सरसाठी तपासायची मोहीम चालू होती, त्यातलंच हे एक. त्या सालीतून वॉल आणि वाणी यांनी औषधाचा रेणू वेगळा काढला आणि १९७१ साली त्याची रचना जगासमोर मांडली.

मग पुढे काय? बराच काळ फारसं काही नाही. विरघळत नाही, मिळतही नाही. एक किलो औषधाला सुमारे दहा टन साल लागायची, म्हणजे तीनेक हजार झाडं. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी हे औषध काम कसं करतं ते दाखवलं, तेव्हा कुठे सगळे परत जागे झाले.

ते काम कसं चालतं, हे मी मावशीला लग्नाच्या मांडवावरून समजावलं. पेशीला दोन व्हायचं असलं की ती आत बारीक नळ्यांचा एक मांडव उभा करते. कार्य झालं की मांडव सोडायचा. पॅक्लिटॅक्सेल काय करतं, तर मांडवाच्या गाठी इतक्या पक्क्या करतं की तो सुटतच नाही. पेशी अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सारखी कार्यं काढत असतात, म्हणून त्या जास्त सापडतात. केसांच्या मुळांतल्या पेशींनाही सतत घाई असते, म्हणून केसही जातात.

अमेरिकेत १९९२ साली अंडाशयाच्या कॅन्सरसाठी याला परवानगी मिळाली. साल गोळा केल्यापासून तीस वर्षांनी! नंतर यू जातीच्या झाडांच्या पानांतला घटक वापरून आणि वनस्पतींच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवून औषध बनायला लागलं, तेव्हा त्या झाडांचा जीव वाचला. वाणी २०२० साली गेले, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी.

मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "तीस वर्षं! आणि तुला सगळं दहा मिनिटांत डिलिव्हरी लागतं." हा टोला पुढे मला फार आठवणार होता.

नॅनो म्हणजे नक्की किती?

नॅनो म्हटलं की आपल्या पिढीला आधी टाटांची ती छोटी कार आठवते. आली २००९ ला, बंद झाली २०१८ ला. गंमत म्हणजे उदाहरण म्हणून ती अगदी परफेक्ट आहे. कारण इथेही नॅनो म्हणजे औषध नव्हे, गाडी!

एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. मावशीला मिळणार होतं त्या औषधाचा कण सरासरी १३० नॅनोमीटरचा. म्हणजे एका केसाच्या जाडीत असे सहाशेहून जास्त कण शेजारी शेजारी बसतील.

आणि गाडी कशाची? अल्ब्युमिनची. हे आपल्या रक्तातलंच प्रोटीन. तेलकट, पाण्याशी न पटणाऱ्या गोष्टी पाठीवर घेऊन रक्तातून फिरवणं हेच त्याचं रोजचं काम, अगदी मार्केट यार्डातल्या हमालासारखं. शास्त्रज्ञांनी त्याच्याच पाठीवर पॅक्लिटॅक्सेलची गोणी दिली. एरंडेलाचं द्रावण गेलं, बहुतेकांसाठी आधीची स्टेरॉइडं गेली आणि तीन तासांचं काम तीस मिनिटांवर आलं. हे औषध 'अॅब्रॅक्सेन' नावानं अमेरिकेत जानेवारी २००५ मध्ये मंजूर झालं. पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या चाचणीत जुन्या औषधानं १९ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या होत्या, नव्यानं ३३ टक्के. रिअॅक्शनची भीती नसल्यानं डोसही जास्त देता आला, हे त्यामागचं एक मोठं कारण.

भारतातही २००७ साली डाबर फार्मानं 'नॅनोक्सेल' आणलं, त्यात गाडी पॉलिमरची होती. हो, डाबर म्हटलं की आपल्याला च्यवनप्राशच आठवतं! अल्ब्युमिनवालं औषध आता भारतीय कंपन्याही बनवतात, म्हणून थोडं तरी आवाक्यात आलंय.

मावशीला हे सगळं ओळखीचं वाटलं. "म्हणजे अनुपान," ती म्हणाली. "आजी म्हणायची, औषधाइतकंच ते कशातून घेतो याला महत्त्व. कुठलं मधातून, कुठलं तुपातून." मला ही कल्पना जाम आवडली. मी लगेच काळी बाटली तिच्या हातात दिली. "मग हे बघ, हळदीचं मॉडर्न अनुपान. सकाळ-संध्याकाळ दोन दोन."

डॉक्टरांना सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. हळदच तर होती.

"आणखी काही घेताय का?"

मंजुरी आली. सोमवारी रक्ततपासणी, मंगळवारी केमो असं ठरलं. मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, परत पाहिला आणि चष्मा काढला.

"लिव्हरची एन्झाइम्स वाढलीत. नॉर्मलच्या तिप्पट. आज देता येणार नाही." मग मावशीकडे बघून, "आणखी काही घेताय का? काढा, गोळ्या, पावडर?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईची नजर होती ती. पण ती काही बोलली नाही. मीच बोलले.

डॉक्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बाटलीचा फोटो मागितला, मागचं लेबल झूम करून वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "कशामुळे वाढलंय ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. आधीच्या केमोमुळेही असेल. पण यात मिरीचा अर्क आहे. लिव्हर ज्या एन्झाइम्सनी औषधं मोडते, त्यांनाच तो आडकाठी करू शकतो. पॅक्लिटॅक्सेलही लिव्हरच मोडते. मला मोजून डोस द्यायचाय आणि तुम्ही माझा तराजूच हलवताय. हे आजपासून बंद. पुढच्या आठवड्यात परत तपासू."

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. हिंजवडीत दिवसभर लोकांना हेच सांगते की, टेस्ट न झालेली एक ओळसुद्धा प्रॉडक्शनमध्ये जाणार नाही. डेव्हलपर मुलं मला घाबरतात. आणि मी स्वतः, टेस्टिंगची एक ओळ न वाचता, स्टार बघून, केमो चालू असलेल्या मावशीच्या पोटात रोज चार कॅप्सूल सोडत होते.

घरी येताना रिक्षात आम्ही दोघी गप्प होतो. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मावशी म्हणाली, "अगं, मी काय लहान होते? मीही विचारलं नाहीच ना डॉक्टरांना." हे तिनं माझ्यासाठी म्हटलं होतं. त्यानं मला जास्तच रडू आलं.

पाव किलो हळद

मग त्या आठवड्यात मी हळदीचीही नीट टेस्टिंग केली. कागदावरची.

हळदीबद्दल आपण हळवे आहोत आणि त्याला कारणही आहे. जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण पेटंटची लढाई जिंकणं वेगळं आणि कॅन्सरशी लढणं वेगळं.

हळदीतलं करक्युमिन काचेच्या बशीतल्या कॅन्सर पेशींवर परिणाम दाखवतं, हे खरं. पण माणूस म्हणजे बशी नाही. हळदीत करक्युमिन साधारण तीनच टक्के असतं. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही आणि जे जातं ते लिव्हर लगेच बदलून बाहेर काढते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम करक्युमिन तोंडावाटे दिलं. त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. तीन टक्क्यांच्या हिशेबानं ही रोजची पाव किलोहून जास्त हळद झाली! तरीही रक्तात ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम एवढंच सापडलं आणि २१ पैकी फक्त दोघांमध्ये औषधाचा काही परिणाम दिसला.

म्हणून तर मिरी आणि नॅनो ही प्रकरणं सुरू झाली. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की, २ ग्रॅम करक्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पट वाढतं. पण मिरी हे करते ती लिव्हरच्याच पायात पाय घालून, आणि तेच डॉक्टर सांगत होत्या. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी करक्युमिन चरबीच्या फुग्यांत, पॉलिमरच्या गोळ्यांत, अल्ब्युमिनच्या पाठीवर, सगळीकडे बसवून पाहिलं. उंदरांमध्ये छान निकाल आले. पण कॅन्सरचं औषध म्हणून मंजूर झालेलं करक्युमिन, नॅनो किंवा बिगर-नॅनो, आजही नाही. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त संशोधकांनी करक्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. औषध विरुद्ध बनावट गोळी अशा कडक कसोटीवर उतरलेली एकही त्यांना सापडली नाही. आणि २०१९ साली इटलीत हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या घटना पुढे आल्यावर तिथल्या सरकारनं सावधगिरीचा इशारा दिला.

भाजीतली हळद, सर्दीतलं हळदीचं दूध, यातलं काहीही डॉक्टरांनी बंद केलं नाही, बरं का. प्रश्न चिमूटभर हळदीचा नाहीच. कुठलीही गोष्ट रक्तात वीस पट पोहोचवायची सोय केली, की ती मसाला राहत नाही, औषध होते. मग औषधाचेच नियम तिला लागायला हवेत. नॅनो या शब्दात ताकद आहे, म्हणूनच त्याची टेस्ट जास्त कडक हवी.

सगळ्याच गाड्या पोहोचत नाहीत

मला आधी वाटायचं, नॅनो म्हणजे गाइडेड मिसाइल. बटण दाबलं की थेट गाठीवर! प्रत्यक्षात तसं नसतं. १९८६ साली जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की, गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढल्यामुळे गळक्या असतात, त्यामुळे मोठे कण तिथून झिरपतात आणि अडकून पडतात. सगळी आशा यावर होती. पण २०१६ साली टोरांटोच्या एका टीमनं दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत सरासरी ०.७ टक्केच पोहोचतात. शंभर गाड्या सोडल्या, तर मुक्कामाला एकही धड नाही. बाकीच्या लिव्हर आणि प्लीहा अडवतात. मावशीच्या औषधाचे कणसुद्धा रक्तात गेल्यावर लवकरच सुटे होतात. त्याचा मुख्य फायदा नेम धरण्यात नाही, एरंडेलाशिवाय प्रवास करण्यात आहे.

माझ्या बाल्कनीतल्या सदाफुलीचीच गोष्ट घ्या. तिच्यातून व्हिनक्रिस्टिन मिळतं, मुलांच्या ब्लड कॅन्सरवरचं महत्त्वाचं औषध. पॅक्लिटॅक्सेल मांडव सुटू देत नाही, तर हे तो उभाच राहू देत नाही. चरबीच्या नॅनोफुग्यात भरलेलं व्हिनक्रिस्टिन अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. अट अशी होती की, पुढच्या मोठ्या चाचणीत फायदा सिद्ध करा. ते झालं नाही आणि २०२२ साली मंजुरी गेली. नॅनो असूनही!

आणि आपला नरक्या. महाबळेश्वर, आंबोलीच्या जंगलात कुणी ट्रेक केला असेल तर हे झाड पाहिलं असेल, फुलांच्या घाण वासावरून नाव पडलेलं. १९६६ साली वॉल आणि वाणी यांनीच एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन काढलं होतं. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडलं. तेव्हापासून सह्याद्रीतला नरक्या चोरून तोडला जातो. मूळ द्रव्य पाण्यात न विरघळणारं आणि फार विषारी. त्यात बदल करून इरिनोटेकन बनलं आणि इरिनोटेकन नॅनोफुग्यात भरून जे औषध झालं ते २०१५ साली स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. चाचणीत रुग्णांचं सरासरी आयुष्य ४.२ महिन्यांवरून ६.१ महिन्यांवर गेलं. जोडीच्या औषधांसह, दोनच महिने.

हा आकडा मी मावशीला सांगावा की नाही, यावर खूप विचार केला. शेवटी सांगितला. ती म्हणाली, "दोन महिन्यांत एक लग्न होतं गं. कुणाचं बाळंतपण होतं. दोन महिने कमी नसतात." तिचा कॅन्सर वेगळा, स्टेज वेगळी, आशाही पुष्कळ मोठी. पण आकडे कसे वाचावेत ते मला तेव्हा कळलं.

दूध

पुढच्या सोमवारी रिपोर्ट उतरला. मंगळवारी तीच खुर्ची, तीच खिडकी. या वेळी काचेची बाटली नव्हती. नर्सनं आणलेल्या पिशवीत पांढरंशुभ्र, पातळ दुधासारखं औषध होतं.

"हळदीचं नाही, पण दूधच निघालं की!" मावशी म्हणाली.

मी मोबाइलवर वेळ लावली. आठवं मिनिट आलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, ती विणकामाकडे. नववं. दहावं. तिसाव्या मिनिटाला पिशवी रिकामी झाली. मावशी म्हणाली, "झालं? अजून एक ओळ राहिली होती."

सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. या औषधात एरंडेल नाही, पण नसांवर होणारा परिणाम जुन्यापेक्षा जास्त असू शकतो. २००५ च्या त्याच चाचणीत हाता-पायांच्या नसांचा तीव्र त्रास जुन्या औषधानं २ टक्के लोकांना झाला होता, नव्यानं १० टक्क्यांना. तिसऱ्या डोसनंतर मावशीच्या बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. ब्लाउजचे हुक तिला लावता येईनात. भाकरी थापताना पीठ हाताला कळत नाही, म्हणून तिनं मला शिकवायला घेतलं. माझी पहिली भाकरी नकाशासारखी झाली. मुंग्यांबद्दल या वेळी आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस कमी केला.

चौथा डोस मागच्या महिन्यात संपला. मुंग्या अजून आहेत, हळूहळू जातील असं डॉक्टर म्हणतात. परवा मावशी धुळ्याला परत गेली. आवरताना पाहिलं, काळी बाटली किचनच्या कट्ट्यावर धुऊन ठेवलेली, आत मोहरी भरलेली. हळद आपली मिसळणाच्या डब्यात, तिच्या जागेवर.

चौकट : 'नॅनो' आणि 'नॅचरल' लिहिलेलं काही घेण्याआधी

● केमो चालू असेल तर काढा, चूर्ण, कॅप्सूल, ज्यूस यातलं काहीही घेण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. बाटली सोबत न्या.

● लेबलवर मिरी किंवा पायपरीन दिसलं तर जास्त सावध व्हा. ते दुसऱ्या औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

● 'संशोधनानं सिद्ध' असं लिहिलेलं असेल तर विचारा: बशीत, उंदरात की माणसात? माणसात असेल तर किती जणांवर आणि कशाशी तुलना करून?

● मंजूर झालेलं नॅनो औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस मोजून दिलं जातं. सप्लिमेंट म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलला कॅन्सरच्या औषधाच्या चाचण्या द्याव्या लागत नाहीत.

● पहिल्या डोसच्या वेळी पेशंटजवळ बसा. फोन खिशात ठेवा. छातीत जड वाटणं, चेहरा लाल होणं, दम लागणं यातलं काहीही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा.